चंद्रबी

शनिवारी दुपारी पावणेदोनला ऑर्फाच्या बोटांना ती बी लागली. तोवर तिचा दिवस बरा चालला होता.

बरा म्हणजे काय, तर खोटं बोलून घरी राहिली होती. "गुडघा धरलाय गं, तुम्ही व्हा पुढे," असं सुनेला, ड्रीमाला, सांगून तिला सकाळीच वाटेला लावलं होतं. गुडघा ठणठणीत होता. दुखणं होतं डोळ्यांचं. वर्षभरापासून नजरेच्या बरोबर मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. तिला साखरेचा आजार, त्यातून आलेलं ते. ईस्टरला ड्रीमा भीत भीत म्हणाली होती, "आई, एकदा डोळे दाखवून येऊ या का?" तर या बाईने तीन आठवडे सुनेशी अबोला धरला. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, आणि हट्ट बघा!

तिची भीती खोटी नव्हती म्हणा. दिसत नाही हे एकदा कबूल केलं की स्वयंपाकघर जाणार, चुलीपासून लांब बसवणार, एकटीने राहायचं घर जाणार. डोंगरापलीकडच्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात तिच्या दोन मैत्रिणी खिडकीशी बसून असतात. ऑर्फा त्यांना एकदा भेटून आली होती आणि घरी येऊन रडली होती. म्हणून मग भिंतीला हात लावून चालायचं, पायऱ्या मोजायच्या, आणि कुणी "दिसतंय ना?" विचारलं की खेकसायचं. पण मागच्या वाजवण्याच्या बैठकीला तिची एक पायरी चुकलीच. सगळ्यांसमोर पाद्रीबुवांच्या मांडीवर कॉफी सांडली. आज परत कोण जाणार तिथे!

आमच्या पायनी गॅपमध्ये एक शनिवार सोडून एक शनिवार जुन्या शाळेत जॅम असतो. माणसं फिडल, बँजो, गिटारी घेऊन गोल करून बसतात आणि दुपारभर वाजवतात. तीन वाजले की थांबतात. मग शाळेच्या भट्टीतून निघालेली गरम मऊ बिस्किटं, त्यावर लोणी, आणि कुणीतरी घरून आणलेला जॅम. वाजवण्याला जॅम आणि बरणीतल्यालाही जॅमच म्हणतात. कुणाला त्यात गंमत वाटत नाही, कारण एक असला की दुसरा असतोच. आणि ऑगस्ट सरला की बरणीतला जॅम ऑर्फाचाच असायचा. ओढ्याकाठच्या जंगली द्राक्षांचा, काळाभोर, आंबटगोड.

तर येत्या सोमवारी सफरचंदं शिजवायची म्हणून तिने रस गाळायची कापडी पिशवी उकळत्या पाण्यात टाकण्याआधी उलटी केली. शिवणीत बिया अडकल्या होत्या. बुधवारच्या द्राक्षांच्या. अंगठ्याने तिने एक काढली. टपोरी, एका टोकाला निमुळती. दुसरीही तशीच. तिसरी चपटी लागली.

तिने ती दोन बोटांत फिरवली. बी वाकडी होती. विळ्यासारखी आत वळलेली, कडेला खरखरीत.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली. घरात कुणी नव्हतं.

आमच्या डोंगरात पोराला चालता यायच्या आधी हे शिकवतात. जंगली द्राक्षासारखाच एक वेल असतो. पानं तशीच, घोस तसेच, रंग तोच निळाकाळा. बी तेवढी वेगळी. द्राक्षात दोनचार टपोऱ्या बिया, यात एकच, चंद्राच्या कोरीसारखी. म्हणून त्याला चंद्रबी म्हणतात. फळ तोंडात टाकलं की आधी जिभेने बी चाचपायची. कोर लागली तर थुंकायचं, चूळ भरायची, आणि आईला हाक मारायची. ऑर्फाला तिच्या आईने शिकवलं, आणि अर्ध्या गावाच्या पोरांना ऑर्फाने. जॅम करताना बिया गाळून जातात. एकदा गाळला की रस सगळा सारखाच.

तिने ती बी जिभेवर ठेवली. कोर होती. थुंकली. शिवणीत पुन्हा बोटं घातली आणि आणखी चार कोरी निघाल्या.

तिने ओट्याची कड घट्ट धरली. बारा बरण्या झाल्या होत्या. चाखला असता तर तिला कडवट लागला असता. पण डॉक्टरने गोडाला जीभ लावू नका सांगितलेलं, आणि जन्मात तिने डॉक्टरची एवढी एकच गोष्ट ऐकली होती. अकरा बरण्या ड्रीमा गुरुवारी दुपारी येऊन घेऊन गेली, आजच्या जॅमला. म्हणजे आत्ता त्या शाळेतल्या टेबलावर होत्या. तीन वाजता झाकणं उघडणार. आणि टॅन्सी, तिची सहा वर्षांची नात, ती काय तीन वाजायची वाट बघणार आहे? बिस्किटं नसली तर बोट घालून चाटणारी पोरगी ती!

बारावी बरणी हॉबर्टकडे होती.

हॉबर्ट ऊटन बँजो वाजवायचा. ऑर्फाच्या फिडलशेजारी तीस वर्षं त्याची खुर्ची. बायको गेल्याला त्याला सहा वर्षं झाली होती, ऑर्फाचा नवरा गेल्याला नऊ. गुरुवारी सकाळी तो तिची लाकडं फोडून द्यायला आला आणि जाताना तिने एक बरणी त्याच्या कोटाच्या खिशात कोंबली. गावाला चघळायला विषय नको म्हणून ड्रीमाला सांगितलं, "या खेपेला अकराच झाल्या गं."

तिने भिंतीवरचा फोन काढला आणि आधी हॉबर्टचाच नंबर फिरवला, बोटांच्या सवयीने. घंटा वाजत राहिली. दहा, बारा, पंधरा. कुणी उचलला नाही. गेलाच असणार शाळेत, ती म्हणाली. तो जॅमला नेहमी सगळ्यांच्या आधी जातो, तारा लावत बसतो. मग ड्रीमाचा मोबाईल लावला. तो लागणार नव्हताच. शाळा दरीत, तिथे रेंज कुठली? आणि शाळेला फोन नाही.

आता राहिला तातडीच्या मदतीचा नंबर. तीन आकडे. दोन फिरवून ती थांबली. काय सांगणार? नाव विचारतील. कसं झालं विचारतील. दिसत नसताना द्राक्षं तोडायला कशाला गेलात विचारतील. शेरीफची गाडी दिवे लावून येईल, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्याला कळेल. आपणच जावं, झाकणं उघडायच्या आत बरण्या उचलाव्यात, काहीतरी थाप मारावी. तिने फोन ठेवला. ठेवायला नको होता. पण भ्यालेल्या माणसाला अब्रू आधी आठवते, त्याला काय करणार!

घड्याळाच्या काचेला नाक लावून, मान तिरपी करून तिने काटे पाहिले. दोनला पाच कमी. रस्त्याने शाळा अडीच मैल. ओढ्यावरच्या झुलत्या पुलावरून गेलं तर एक मैल. हंगामभर ती त्या पुलावर गेली नव्हती.

काठी घेतली आणि निघाली.

पाऊलवाट तिच्या पायांना पाठ होती, पण पायांना पाठ असणं वेगळं आणि घाईत असणं वेगळं. दोनदा मुळांना अडखळली. एकदा काटेरी झुडपात हात गेला, रक्त आलं असावं, ओलं लागलं. "देवा, टॅन्सीला नको," ती पुटपुटत होती. "मला दे काय द्यायचं ते. पोरीला नको." डोळ्यांसमोर तो करडा डाग, आणि डागात पोरगी. फरशीवर पडलेली, तोंड निळं झालेली. खरं काही दिसायचं नाही आणि हे मात्र लख्ख दिसत होतं.

पुलाला एकतीस फळ्या होत्या. लहानपणी मोजल्या होत्या, मुलाला मोजायला शिकवल्या होत्या. दोन्ही हातांनी तारा धरून, काठी काखेत मारून ती मोजत निघाली. खाली पाणी घोंघावत होतं. एकोणीस, वीस, एकवीस. बाविसाव्या फळीच्या जागी पाय खाली गेला. फळीच नव्हती. मांडीपर्यंत पाय आत गेला, पूल एका बाजूला कलला, काठी काखेतून सुटून खाली गेली. ओरडायला तोंड उघडलं तर हवाच नाही. तार तळहातात रुतली होती. ती तशीच लटकत राहिली, किती वेळ कोण जाणे. मग स्वतःलाच म्हणाली, "ऊठ गं भवाने. तू इथे मेलीस तर बरण्या कोण उचलणार?" आणि पाय ओढून वर घेतला. पुढच्या फळ्या तिने रांगत पार केल्या.

पलीकडे चढ लागला. चढावर डाव्या हाताला हॉबर्टचं घर. वरून त्याचा कुत्रा, सार्ज, भुंकायला लागला. नुसता भुंकत नव्हता, मध्येच रडल्यासारखा सूर काढत होता.

"गप रे, मीच आहे!" ऑर्फा ओरडली आणि थांबली नाही. थांबायला वेळ कुठे होता?

चढ संपला आणि खालून शाळेतलं वाजवणं ऐकू आलं. तिच्या कानांना ते लगेच अळणी लागलं. जेवणात मीठ घालायचं राहावं तसं. काय राहिलंय ते डोक्यात येईना, आणि डोकं ताळ्यावर होतं कुठे! वाजवताहेत म्हणजे अजून तीन वाजले नाहीत, एवढंच तिने धरलं आणि उतारावरून जवळजवळ घसरत खाली आली.

शाळेच्या दारात पोचली तेव्हा छातीचा भाता झाला होता. आत वीसएक माणसं गोल बसलेली, एक धावती चाल रंगात आलेली. "थांबा!" ती म्हणाली. तोंडातून नुसती धाप निघाली. फिडलांच्या गदारोळात ती कुणाला ऐकू जाणार? तिने मान वळवली, डोळ्यांच्या कडेने टेबल शोधलं. टेबलापाशी पिवळं काहीतरी. टॅन्सीचा फ्रॉक. फ्रॉकाचा हात वर गेला, तोंडाशी.

आणि ऑर्फाने तीस वर्षांच्या सवयीने जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावची बाई करणार नाही. तिने चौकट धरली आणि एक पाय उचलून समोर धरला.

आमच्याकडे चाल थांबवायची ती अशीच. चाल फिरून फिरून वाजत राहते. मध्ये कुणी बोलायचं नाही. म्होरक्याने पाय वर केला की समजायचं, झालं. आणि त्या गोलात म्होरकी ऑर्फाच. गुडघा धरलाय म्हणून न आलेली बाई दारात पाय वर करून उभी, हे पाहून सगळे खूश झाले. "आली रे आली, ऑर्फा आली!" कुणीतरी हाळी दिली. आणि सगळ्यांनी दुप्पट जोराने वाजवायला सुरुवात केली.

कारण पाय वर दिसला म्हणजे लगेच थांबायचं नसतं. शेवटची एक फेरी पुरी करायची असते. मध्ये तोडायची नाही, काही झालं तरी. हे यातल्या निम्म्या लोकांना तिनेच कानाला धरून शिकवलं होतं.

"नका रे! नका वाजवू!" ती ओरडली, आणि हसून हसून ते वाजवत राहिले. ती गोलात घुसली. फिडलच्या पेटीवर पाय पडला, कुणाच्या तरी खांद्यावर हात आदळला, खुर्ची उलटली. पिवळ्या फ्रॉकवर तिने नजर ठेवली की फ्रॉक पुसला जायचा, म्हणून मान वाकडी करून ती चालली होती, आणि लोकांना वाटलं नाचतेय. टाळ्या पडल्या. ती टेबलापाशी पोचली आणि पोरीच्या हातातली बशी तिने फटकन उडवली.

फेरी संपली. बशीचे तुकडे जमिनीवर घरंगळले ते सगळ्यांना ऐकू आले.

"कुणी खाल्लं?" ऑर्फा म्हणाली. "खरं सांगा. माझ्या बरणीतलं कुणी कुणी खाल्लं?"

एक फिडल खुर्चीला टेकवल्याचा आवाज आला.

"त्यात चंद्रबी आहे." तिने चाचपत बरण्या आपल्याकडे ओढल्या. "मी तोडली. माझ्याच हाताने. मला... मला दिसत नाही. वर्ष झालं. तुमची तोंडंसुद्धा दिसत नाहीत मला. आता बोला की कुणीतरी! टॅन्सी, तोंड उघड. थुंक. थुंक म्हणते ना!"

"मॅमॉ," टॅन्सी रडवेली होऊन आजीला म्हणाली, "हा दुकानातला जॅम आहे. आई नेहमी दुकानातलाच भरते तुझ्या जुन्या बरण्यांत."

"टॅन्सी!" ड्रीमाचा आवाज.

"तूच म्हणालीस, मॅमॉला सांगायचं नाही फक्त. बाकी सगळ्यांना माहीत आहे."

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी तार उगीच पिळली. ड्रीमा जवळ आली आणि तिने सासूला धरून बाकावर बसवलं.

"आई, ऐका. गुरुवारी मी आले ना, तेव्हा कोंबड्यांच्या आवारात तुम्ही टाकलेला चोथा पडला होता. कोंबड्यांनी चोचसुद्धा लावली नव्हती. म्हणून बघितलं, तर त्यात चंद्रबीच्या कोरी. सगळ्या बरण्या आमच्या घरामागे खड्डा करून पुरल्या मी. कुणी काही खाल्लेलं नाही. रडू नका."

"मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार होते? डोळ्यांचं नाव काढलं तर तीन आठवडे बोलला नाहीत माझ्याशी. ईस्टरपासून तुम्ही केलेलं सगळं मी आधी बघते, चाखते, बिघडलेलं असलं तर बदलून मग पुढे धाडते. लोणच्यात एकदा साखरेऐवजी सोडा होता. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, झालं."

ऑर्फाला हायसं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटलं. सगळ्यांना माहीत होतं! ती भिंती चाचपत, पायऱ्या मोजत, ऐटीत खोटं बोलत होती, आणि अख्खं गाव दुकानातला जॅम खाऊन "वा, ऑर्फा, काय हात आहे" म्हणत होतं. राग यायला हवा होता. तो यायच्या आधी दुसरंच काहीतरी डोक्यात टोचलं.

"किती पुरल्यास?"

"सगळ्या. अकरा."

"बारा होत्या गं," ऑर्फा म्हणाली.

आणि मग तिला कळलं त्या वाजवण्यात काय अळणी होतं. बँजो नव्हता.

"हॉबर्ट कुठे बसलाय?" ती ओरडली. "हॉबर्ट! अरे ओ दे ना!"

"तो आज आला नाही," गिटारवाल्यांतला एक म्हणाला. "येईल म्हटलं, बसला असेल कुठे टंगळमंगळ करत."

पंधरा वेळा वाजलेली घंटा. चढावर रडणारा सार्ज. तो कुत्रा जॅमला हॉबर्टच्या खुर्चीखाली झोपतो, मालकाला सोडून घरी राहतो कधी? आपण त्या घराखालून आलो. वीस पावलं वर चढायचं होतं फक्त. त्याला म्हटलं, गप रे.

"गाडी काढ," ती ड्रीमाला म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. "गाडी काढ, ड्रीमा, गाडी काढ!"

ड्रीमाने पिकअप काढली, गिटारवाले दोघे मागे चढले. पाच मिनिटांचा रस्ता होता. ऑर्फाने डॅशबोर्डवर दोन्ही हात दाबून धरले होते, जसं काही त्याने गाडी जोरात जाणार होती.

हॉबर्ट स्वयंपाकघरात जमिनीवर होता, भट्टीला पाठ टेकून. हे तिला ड्रीमाने सांगितलं. तिला नुसता ओकारीचा वास आला आणि सार्जचं कण्हणं. ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने त्याचं तोंड शोधलं. कपाळ थंडगार, घामाने निथळत होतं.

"ऑर्फा?" तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "गुडघा... बरा वाटतं?"

"मेल्या, किती खाल्लास?"

"काल दोन बिस्किटांवर. आज सकाळी... चार. जॅमला यायचं म्हणून जरा... पोटभर."

"कडू लागला नाही?"

"लागला की."

"मग थुंकायचं ना! कुणी सांगितलं होतं गिळायला? लहान आहेस तू?"

हॉबर्टने श्वास घेतला, त्याला तेवढ्यानेही त्रास होत होता. "म्हटलं, तुझा हात चुकायचा नाही. माझीच जीभ गेली असेल... वयाने."

ऑर्फाला वाटलं, कुणीतरी आपल्याला मारावं. खरंच कुणीतरी उठून दोन थोबाडीत द्याव्यात. कुणी दिल्या नाहीत. गिटारवाल्यांनी हॉबर्टला उचललं, पिकअपच्या मागच्या बाकावर आडवं केलं, डोकं ऑर्फाच्या मांडीवर, गुडघे वर दुमडून. ते दोघे मागे उघड्यावर बसले. हॉबर्टच्या घरातला फोन त्या गडबडीत कुणाला आठवला नाही; ड्रीमाने गाडी घाटाला घातली. दवाखाना पस्तीस मैल.

घाटमाथ्यावर रेंज येते. तिथे ड्रीमाने एका हाताने मोबाईल काढला, तीन आकडे दाबले आणि बोलायला लागणार, तर मागून हात आला.

"मला दे."

"आई, मी सांगते नीट."

"मला दे म्हणते ना."

तिने तो कानाला लावला. पलीकडे एक पोरगेली बाई नाव विचारत होती. ऑर्फाने नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. "माणसाने चंद्रबीचा जॅम खाल्लाय. वय एक्याऐंशी. काल थोडा, आज बराच. शुद्धीवर आहे, पण जीभ जड झालीय. आम्ही घाटावरून खाली येतोय, लाल पिकअप, तुमची गाडी समोरून पाठवा." मग पलीकडून काहीतरी विचारलं असणार, कारण ती म्हणाली, "मी केला. मला डोळ्यांनी दिसत नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही. लिहून घ्या. दोन वाजता फोन उचलला होता मी, आणि ठेवून दिला. तेही लिहा."

पलीकडून रुग्णवाहिका निघाल्याचं सांगितलं. अर्धा तास लागणार होता. बोलतं ठेवा त्याला, असं ती बाई म्हणाली.

"हॉबर्ट, बोल."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

तो बोलेना. तिने त्याच्या नाकापाशी बोट धरलं, पण गाडीच्या धक्क्यांत श्वास कळत नव्हता. चेहरा बघावा तर तिथे तो करडा डाग. इतकी वर्षं हा माणूस शेजारी बसला, आणि आत्ता तो जिवंत आहे की नाही हे बघायचं तर बघता येत नव्हतं. तिने त्याचा हात घेऊन आपल्या तळव्यावर ठेवला.

"वाजव," ती म्हणाली. "हातावर वाजव. थांबलास तर बघ."

थोडा वेळ काहीच नाही. मग नखाची एक टोच लागली. मग दोन बारक्या. टण, टकटक. टण, टकटक. बँजोवर वाजवायचा तसंच. तीस वर्षं तिच्या डाव्या कानाशी वाजलेलं ते, आता तळव्यावर.

"हं. असं. चालू ठेव."

वळणामागून वळणं गेली. टण, टकटक. टण... टक. मधली जागा वाढत होती. ती मोजत होती. "ड्रीमा, गाडी दिसते का समोर?" "नाही अजून, आई." टण. टक.

मग तिला तिच्या कोपराशी काहीतरी हललेलं जाणवलं. हॉबर्टचा दुमडलेला गुडघा सरळ होत होता. हळूहळू, थरथरत, त्याचा बूट बाकावरून वर उचलला जात होता. तिने हात लावून बघितलं. टाच हवेत होती. पाय वर धरला होता त्याने. ऑर्फाच्या तळव्यावर त्याची बोटं शेवटच्या फेरीसारखी जरा जोरात आली.

थट्टा करत होता की काय, देव जाणे. तो नेहमीच थट्टा करायचा.

"पाय खाली," ऑर्फा म्हणाली. "हॉबर्ट, पाय खाली ठेव."

त्याने ठेवला नाही.

"म्होरकी मी आहे! मी पाय वर केलेला नाही!" ती किंचाळली आणि दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून तिने त्याचा गुडघा खाली दाबला. बूट बाकावर आदळला. ती तशीच त्याच्या पायावर रेलून राहिली, उठू द्यायची नाही म्हणून, आणि दुसरा हात मागे करून तिने तळवा पुन्हा त्याच्या बोटांखाली सरकवला.

"वाजव," ती म्हणाली. "अजून फेरी बाकी आहे. वाजव ना रे."

ड्रीमा पुढून ओरडली, दिवे दिसले म्हणून. ऑर्फाला ते दिसले नाहीत. ती तळवा उघडा धरून बसली होती, आणि एक नख तिथे, अगदी हलकेच, टेकलं.